थायरॉईड? ते बायकांचं की ओ!

बेळगाव-खानापूर भागात एखाद्या जोडप्याला लग्नानंतर तीन-चार वर्षं मूल झालं नाही, की फाइल तयार होते ती बाईच्या नावानं. तिची सोनोग्राफी, तिचं प्रोलॅक्टिन हे हार्मोन, तिचं टीएसएच म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, वर सासूनं सांगितलेले उपवास. नवरा स्कूटरची किल्ली बोटाभोवती फिरवत बाहेरच्या बाकावर बसलेला. मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाचाही वाटा असतो, हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक आहे, आता बऱ्याच घरांतही ठाऊक झालंय. तरी त्याची वीर्यतपासणी सगळ्यात शेवटी होते आणि थायरॉईडची बहुधा होतच नाही.

मूल हा एक भाग झाला. पस्तिशी-चाळिशीतला माणूस सारखा दमतो, चिडतो, वजन वाढतं किंवा झरझर उतरतं, बायकोजवळ जायची इच्छा राहत नाही, गेला तर जमत नाही. अशी तक्रार घेऊन तो आला, तर ताकदीचं चूर्ण, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन किंवा 'टेन्शन घेऊ नका' हा सल्ला यांच्याआधी त्याची टीएसएच व्हायला हवी. ती तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात व्हावी आणि त्याला समजेल अशा भाषेत विचारपूस करून व्हावी. त्याच दमात दुसरंही सांगतो: टीएसएचचा आकडा जरासा वर दिसला म्हणून जन्माची गोळी त्याच्या गळ्यात बांधू नये. यातलं पहिलं लॅबवाल्यांना आवडतं, दुसरं आवडत नाही. सरकारला दोन्ही आवडत नाहीत, कारण दोन्हींसाठी माणसं लागतात.

मी मेडिकलच्या काउंटरमागे उभा राहणारा माणूस. थायरॉईडच्या डब्या रोज हातातून जातात, २५, ५०, ७५, १०० मायक्रोग्रॅमच्या. डबी न्यायला पुरुष पुष्कळ येतात, पण चिठ्ठीवर नाव बायकोचं, सुनेचं, आईचं. स्वतःसाठी नेणारा पुरुष विरळा. रोग बायकांतच जास्त, हे खरंच आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत मुंबई, गोवा, बंगळूर धरून देशातल्या ८ शहरांतल्या ५,३७६ प्रौढांचं रक्त तपासलं होतं. त्यात थायरॉईड मंदावलेल्या बायका शंभरात सुमारे १६ निघाल्या, पुरुष ५. म्हणजे तीन बायकांमागे एक पुरुष. माझ्या काउंटरवर तो एक दिसत नाही. तो गेला कुठं?

गेला कुठंच नाही, त्याला कुणी पाहिलंच नाही. बाई सापडते ती बाळंतपणामुळं. पोटुशी राहिली की रक्त तपासलं जातं, पाळी चुकली की तपासलं जातं, मूल होत नसलं तर तपासलं जातंच. पुरुषाच्या आयुष्यात असा सक्तीचा थांबा नाही. तिशीनंतर सरकार जी सार्वत्रिक तपासणी करतं, आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात, त्यात रक्तदाब, साखर आणि कर्करोग आहेत. थायरॉईड नाही. नसावंही, त्याचं कारण पुढं सांगतो. पण त्यामुळं होतं असं की लक्षणं असलेल्या पुरुषानं स्वतः तोंड उघडल्याशिवाय त्याचा रोग कळायला वाट नाही. आणि तोंड उघडणं हेच तर अवघड.

मागं एका रात्री दुकान बंद करायच्या वेळी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत काम करणारा एक जण आला. पोराचं औषध घेणारी बाई जाईपर्यंत टूथपेस्टच्या रॅकसमोर उभा राहिला. ती गेल्यावर म्हणाला, "काका, जरा बाजूला या की." मग हळूच, "ताकदीची काय गोळी आहे काय ओ? दमच नाही अंगात." मी त्याच्याकडं नीट बघितलं. डोळ्यांखाली फुगलेलं, आवाज घोगरा आणि संथ, हाताची कातडी कोरडी पडून भेगाळलेली. एप्रिल चालू होता आणि हा पूर्ण बाह्यांच्या बनियनवर जाड शर्ट घालून आलेला. "भट्टीजवळ बरं वाटतंय, बाहेर आलो की गारठतोय," असं तोच म्हणाला. पोट साफ होत नव्हतं, झोपून उठलं तरी झोप संपत नव्हती. मी म्हटलं, "थायरॉईड बघितलास काय कधी?" तर चेहऱ्यावर आधी हसू, मग राग. "थायरॉईड? ते बायकांचं की ओ!"

बसस्टँडजवळच्या एका लॉजवर ठरावीक तारखांना येणाऱ्या वैद्याकडून तो आधीच दोन पुड्यांचे कोर्स करून आला होता. त्याला फिजिशियनकडं पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा टीएसएच छापील मर्यादेच्या दहापटीवर होतं. गोळी सुरू झाली, तोंडावरची सूज उतरली, आवाज सुटला. बाकीचं विचारायचं धाडस मला झालं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.

यात गूढ काही नाही. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी टी-फोर आणि टी-थ्री ही हार्मोन्स बनवते; शरीर कुठल्या वेगानं चालायचं ते यांच्यावर ठरतं. टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारा संदेश, तो मात्र मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. ऊसतोडीच्या फडात काम मंदावलं की मुकादमाचा आवाज चढतो, तसं थायरॉईड ढिली पडली की टीएसएच चढतं. म्हणून टीएसएच वर म्हणजे थायरॉईड मंद. हे उलटं गणित रिपोर्ट हातात घेतलेल्या बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं; "थायरॉईड वाढलंय" असं म्हणत ते घरी जातात.

थायरॉईड मंदावली की मेंदूतून जो संदेश टीएसएच वाढवतो, तोच प्रोलॅक्टिनही वाढवू शकतो, आणि वाढलेलं प्रोलॅक्टिन पुरुषाची इच्छा आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही दाबतं. शिवाय टेस्टोस्टेरॉनला रक्तातून वाहून नेणारं प्रथिन यकृतात कमी बनू लागतं, म्हणून रिपोर्टवरचा एकूण टेस्टोस्टेरॉनचा आकडा खाली दिसतो. थायरॉईड अती चालली तर याच्या उलट. ते प्रथिन वाढतं, एकूण आकडा झक्क दिसतो, आणि माणसाला मात्र छातीत धडधड, हाताला कंप, कधी छातीला बायकांसारखा उभार. असा माणूस झडत गेला की गावाचा पहिला संशय क्षयावर, दुसरा दारूवर.

भिंतींवर रंगवलेल्या जाहिरातीत 'शीघ्रपतन' हे अक्षर सगळ्यात मोठं असतं. निपाणीपासून रामदुर्गापर्यंत कुठल्याही बसस्टँडाबाहेर बघा. २००५ साली इटलीतल्या डॉक्टरांनी थायरॉईडच्या पुरुष रुग्णांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. थायरॉईड अती चालणाऱ्या ३४ पुरुषांपैकी निम्म्यांना ही तक्रार होती. थायरॉईडवर उपचार झाल्यावर प्रमाण १५ टक्क्यांवर आलं. मंद थायरॉईडच्या पुरुषांत तक्रार उलटी होती, विलंबाची, आणि तीही उपचारानं बरीच कमी झाली. माणसं थोडी होती, म्हणून यावर मोठा इमला बांधू नये. शीघ्रपतनाच्या दर पेशंटला थायरॉईड असतं असंही कुणी समजू नये, बहुतेकांना नसतं. पण दोन-तीनशे रुपयांच्या तपासणीनं जे उलगडू शकतं त्यासाठी हजारो रुपयांच्या पुड्या खाल्ल्या जातात. त्या पुडीत काय आहे ते पुडी देणाराही सांगत नाही.

लॉजवाला वैद्य आता म्हातारा झाला. त्याची जागा जिमनं घेतली. पंचविशीतली पोरं मोबाईलवर बघून टेस्टोस्टेरॉनचं नाव काढत येतात. "अण्णा, लेव्हल लो आहे माझी." कुठल्या वेळी रक्त दिलं? संध्याकाळी, जिम झाल्यावर. खरं तर हे रक्त सकाळी, उपाशीपोटी द्यायचं असतं, आणि एकदा कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून मगच काही म्हणायचं. त्याआधी थायरॉईड, प्रोलॅक्टिन, साखर, झोप, वजन हे बघायचं. यातलं काहीही न करता इंजेक्शन टोचलं, तर बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं म्हणून पिट्युटरी आपले संदेश बंद करते आणि अंडकोषांत शुक्राणू बनणं थांबतं. बंद केल्यावर ते परत यायला कित्येक महिने जातात. मूल हवं म्हणून 'मर्दानगीचं' इंजेक्शन घेणाऱ्या नवऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. आणि मूल होत नाही म्हणून बोल कुणाला लागतो, ते लेखाच्या पहिल्या ओळीत आलंच आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि माझ्या धंद्यातल्या माणसानं ती सांगणं जरा विचित्रच. आकड्याचा रोग बनवण्याची साथ आली आहे. 'फुल बॉडी पॅकेज' नावाखाली पन्नास-साठ तपासण्या होतात, त्यात टीएसएच असतंच, आणि साडेचारच्या मर्यादेला सहा आलं की ठळक अक्षरांत छापून येतं. माणसाला काही त्रास नसतो. टी-फोर व्यवस्थित असतं. तरी पंचवीसची गोळी सुरू होते आणि कुणीही ती बंद करत नाही. असं जरा चढलेलं टीएसएच दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर पुष्कळदा आपोआप खाली आलेलं असतं. साधा ताप-आजार होऊन गेला तरी आकडा हलतो. वय वाढलं की थोडं टीएसएच वाढणं साहजिकच आहे. २०१७ साली युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत अशाच किरकोळ वाढ असलेल्या वयस्कर लोकांना निम्म्यांना गोळी आणि निम्म्यांना साखरेची गोळी दिली होती. थकव्यात काही फरक पडला नाही. सहसा टीएसएच १० च्या वर असेल, किंवा टी-फोर खाली गेलं असेल, तर गोळीचा विचार पक्का. मधल्या पट्ट्यात डॉक्टरनं माणूस बघायचा, आकडा नव्हे. गरज नसताना किंवा जास्त डोस गेला तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात. साठीतल्या, हृदयाचा त्रास असलेल्या पुरुषाला तर अगदी थोड्यापासून सुरुवात करावी लागते.

म्हणून मला सगळ्या पुरुषांची सरसकट तपासणी नको आहे. सरपंच शिबिर भरवतील, मंडप घालतील, चारशे जणांचं रक्त घेतील आणि फोटो काढतील. त्यातून निघेल काय तर चाळीस घाबरलेले निरोगी पुरुष. लक्षणं असलेल्यांची मात्र झालीच पाहिजे. तीही डोळस. डोकेदुखी, नजर अधू, दाढीचे केस कमी झालेले, अशा पुरुषाचं टीएसएच 'नॉर्मल' आलं म्हणून हाकलून देऊ नये. मुकादमच, म्हणजे पिट्युटरीच, आजारी असेल तर त्याच्या आवाजावरून फडातलं काम कळत नाही, तिथं टी-फोरही बघावं लागतं. ही गोष्ट फिजिशियनच्या लक्षात असते. पुडीवाल्याच्या आणि पॅकेजवाल्याच्या नसते.

एक प्रकार वेगळा नोंदवतो, कारण त्यात जिवाला धोका आहे आणि तो पुरुषांतच जास्त. यात्रेचं भरपूर जेवण, रात्री झोप, पहाटे उठायला जातो तर पाय उचलतच नाहीत. गाव म्हणतं, वारं गेलं अंगावरनं. तेल चोळतात. काही जणांत हे थायरॉईड अती चालल्यामुळं रक्तातलं पोटॅशियम एकदम खाली गेल्यानं होतं. थायरॉईडचे बाकीचे विकार बायकांत जास्त, हा मात्र आशियाई वंशाच्या पुरुषांत, ऐन तिशीच्या आसपास. पिष्टमय पदार्थांचं दणकून जेवण किंवा अंगमेहनत यानंतर येतो. वेळेत दवाखान्यात नेलं तर काही तासांत माणूस चालायला लागतो; नाही नेलं तर हृदयाची लय बिघडू शकते. तेल चोळून चालू लागला तरी थायरॉईडवर इलाज होईपर्यंत झटका पुन्हा येतो.

उपचार मात्र स्वस्त. लेव्होथायरॉक्सिन हे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, किमतीवर बंधन आहे, महिन्याचा खर्च शंभर रुपयांच्या आत बसतो. अडचण गोळी घेण्यात आहे. उपाशीपोटी, पाण्याबरोबर, मग अर्धा ते एक तास चहा नाही. पहाटे पाचला धार काढून चहा पिणाऱ्या माणसाला हे सांगून बघा. लोहाची, कॅल्शियमची गोळी चार तास लांब. आणि गोळीचा असर रक्तात आठवडाभर रेंगाळतो, त्यामुळं चार दिवस चुकली तरी फरक जाणवत नाही. मग माणूस ठरवतो की आपल्याला गरजच नाही. सोडतो. दोन-तीन महिन्यांनी परत तीच सुस्ती. बायका हे जास्त नेटानं पाळतात, असा माझा काउंटरवरचा अनुभव. (सैंधव मिठाचं नवं वेड मात्र दोघांतही सारखंच. साध्या आयोडीनयुक्त मिठानं देशातला गलगंड मागं हटवला, आणि शिकली-सवरली घरं आता ते मीठ पांढरं विष म्हणून टाकून देतात.)

आता सीमाभागाचं. इथला माणूस आजारी पडला की त्याच्यापुढं चार दिशा असतात: बेळगावातली मोठी इस्पितळं, मिरज, कोल्हापूर, आणि खानापूरकराला गोवा. शस्त्रक्रियेसाठी या वाटा ठीक आहेत. सुस्ती आणि बिछान्यातल्या अपयशासाठी कुणी मिरजेला जात नाही. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकानं हरकत घेतली, दोन्हीकडून पत्रकं निघाली. माझी योजनेबद्दल तक्रार नाही, ज्याला बायपास लागते त्याला ती हवीच. पण अशा योजना मुख्यतः भरती होणाऱ्या पेशंटच्या असतात. थायरॉईडचा पेशंट भरती होत नाही. त्याला हवी ती ओपीडी, एक रक्ततपासणी, आणि वर्षानुवर्षं मिळणारी गोळी. दोन राज्यांच्या भांडणात हा माणूस कुणाच्याच यादीत नाही.

आणि भाषा. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडचा माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. डॉक्टर विजापूर-कलबुर्गीकडून बदलून आलेला, नवा, कानडी बोलणारा. त्याचा दोष नाही. दोन वर्षांत तोही मोडकं मराठी शिकतो, माझ्याशी मराठीतच बोलणारे कानडी डॉक्टर पुष्कळ आहेत. पण ती दोन वर्षं मध्ये दुभाषा लागतो. दुभाषा म्हणजे नर्सबाई नाहीतर बरोबर आलेला पुतण्या. पुतण्यासमोर कोण सांगणार? माणूस म्हणतो, पोट साफ होत नाही. डॉक्टर जुलाबाची गोळी लिहितो. गंमत अशी की पोट साफ न होणं हेही मंद थायरॉईडचंच लक्षण, पण एकट्या त्यावरून कुणाला काय कळणार! जत किंवा अक्कलकोटच्या कानडी माणसाची मराठी डॉक्टरपुढं हीच गत होत असणार, हेही कबूल.

अल्पसंख्य भाषिक १५ टक्क्यांहून जास्त असतील तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, ही मागणी आपण वर्षानुवर्षं करतो. फलक मराठीत हवेत, उतारे मराठीत हवेत. मागणी रास्तच आहे, मीही १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत चाललेला माणूस आहे. पण त्या निवेदनात दवाखान्याचा केसपेपर मी कधी पाहिला नाही. फलक वाचता आला नाही तर माणूस फार तर बस चुकतो. दोन भाषांतला एक कागद, त्यावर दहा साधे प्रश्न आणि खूण करायला चौकोन: दम लागतो का, थंडी जास्त वाजते का, वजन बदललं का, इच्छा कमी झाली का, मूल हवं असून होत नाही का. तोंडानं न बोलता खूण करता आली तर पुतण्याला बाहेर पाठवायचीही गरज नाही. हे करायला सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून असलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याचा निकाल लागायला नको.

'पुरुष येतच नाहीत हो, आम्ही काय करणार,' असं एका सरकारी डॉक्टरांनी मला ऐकवलं. खरं आहे, येत नाहीत. ओपीडीची वेळ आणि फौंड्रीतली पहिली पाळी एकच आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआय या कामगार विमा योजनेतून तपासणी आणि औषध दोन्ही फुकट मिळू शकतं, पण त्यासाठी दिवस मोडावा लागतो, आणि ठेकेदाराच्या माणसाकडं कार्डच नसतं. वडगावच्या माग चालवणाऱ्या विणकराचं तर काम बंद म्हणजे मजुरी बंद. आठवड्यातून एक संध्याकाळ ओपीडी उद्यमबाग, वडगाव, आणि एकेका तालुक्याच्या गावी चालवली, रक्त तिथंच घेतलं, रिपोर्ट फोनवर कळवला, तर तक्रार ऐकायला तरी माणूस मिळेल. गोळी सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करून डोस ठरवायचा असतो. त्या दुसऱ्या खेपेलाच निम्मे पुरुष गळतात, आणि गळतात ते बहुतेक मजुरी बुडते म्हणून.